कोर्ट फी महिलांना माफ, तरी घटस्फोट महाग का पडतो?

लग्न मोडून माहेरी परतलेल्या मुलीचे वडील जळगाव किंवा धुळ्याच्या कोर्टाच्या आवारात येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न कायद्याचा नसतो. ‘कितला पैसा लागतीन?’ एवढेच त्यांना आधी कळायला हवे असते. उत्तर बहुतेक वेळा एका आकड्यात मिळते. ‘सगळे मिळून’ इतके. त्या ‘सगळे मिळून’मध्ये कोर्टाचे किती, वकिलांचे किती, टायपिंग-झेरॉक्सचे किती, हे ना कोणी विचारत, ना कोणी सांगत. आकडा ऐकून काही जण कापूस विकला जाईपर्यंत थांबतात. काही जण स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहून घेतात आणि प्रकरण मिटले असे समजतात.

गंमत अशी, की त्या आकड्यात कोर्टाचा स्वतःचा वाटा सर्वांत लहान असतो. अर्ज करणारी महिला असेल, तर महाराष्ट्रात कोर्ट फीचा रकाना ३० वर्षांहून अधिक काळ शून्य आहे.

१९९४ ची माफी काय सांगते?

राज्यात कोर्ट फी १९५९ च्या कोर्ट फी कायद्यानुसार आकारली जाते. याच कायद्याचे कलम ४६ राज्य सरकारला ही फी कमी करण्याचा किंवा पूर्ण माफ करण्याचा अधिकार देते. तो अधिकार वापरून सरकारने १ ऑक्टोबर १९९४ रोजी अधिसूचना काढली आणि चार प्रकारच्या प्रकरणांत महिला पक्षकारांना कोर्ट फी माफ केली : पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट. पुढे मालमत्तेच्या मुद्द्यावरून गोंधळ झाला. शेताच्या बांधाचा दावाही ‘महिला आहे, फी माफ करा’ म्हणून दाखल होऊ लागला, तर काय करायचे? म्हणून २००० मध्ये स्पष्ट करण्यात आले, की मालमत्तेची माफी वैवाहिक वादातून आलेल्या मालमत्तेपुरती आहे. घटस्फोट आणि पोटगीच्या माफीला मात्र कुठे हात लागला नाही.

ही माफी उत्पन्न पाहत नाही. शेतमजूर महिलेला ती आहे, तशी बँकेत नोकरी करणाऱ्या महिलेलाही आहे. ती धर्मही पाहत नाही. हिंदू विवाह कायद्याखालचा अर्ज असो, विशेष विवाह कायद्याखालचा असो किंवा मुस्लिम महिलेने १९३९ च्या कायद्याखाली मागितलेला घटस्फोट असो, अर्ज करणारी महिला असणे पुरेसे आहे.

पुरुषाला कोर्ट फी भरावी लागते, पण ती ठरावीक असते. पत्नीने किती पोटगी मागितली, घर कितीचे आहे, पगार किती आहे, यावर ती ठरत नाही. २०१८ मध्ये राज्याने कोर्ट फीचे दर वाढवले आणि कमाल मर्यादा ३ लाखांवरून १० लाख रुपयांवर नेली. तेव्हापासून ‘आता घटस्फोटालाही लाखांत फी’ असा समज पसरला. ती मर्यादा पैशांच्या आणि मालमत्तेच्या दाव्यांसाठी आहे. नुसत्या घटस्फोटाच्या अर्जाचा तिच्याशी संबंध नाही.

मग कोर्टात पैसे कशाचे जातात?

फी माफ असली तरी काही किरकोळ खर्च राहतातच. समोरच्याला समन्स पाठवायचे तर भत्ता भरावा लागतो. बेलीफ एकदा जाऊन ‘पत्त्यावर मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन परत आला, की पुन्हा भत्ता. वकीलपत्रावर वकील कल्याण निधीचे तिकीट लागते. आदेशाच्या नकलेला फी असते, टपालखर्च वेगळा. यातले काहीच कंबर मोडणारे नाही.

प्रतिज्ञापत्राच्या स्टॅम्प पेपरचा मुद्दा मात्र थांबून पाहावा असा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याने १०० रुपयांच्या मुद्रांकाच्या जागी ५०० रुपये केले. त्यानंतर कोर्टाच्या कामासाठीही ५०० चा स्टॅम्प लागतो, असे अनेकांनी गृहीत धरले. कोर्टात आणि सरकारी कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांचे मुद्रांक शुल्क राज्याने १ जुलै २००४ पासून माफ केलेले आहे. साध्या कागदावरचे प्रतिज्ञापत्र चालते. एका प्रकरणात चार-पाच प्रतिज्ञापत्रे सहज होतात. प्रत्येकाला ५०० चा कागद घेतला, तर माफ असलेल्या खर्चावर दोन-अडीच हजार रुपये जातात.

वकिलांची फी

खरा पैसा इथे जातो आणि इथे सरकारी दरपत्रक नाही. कोणी ठोक रक्कम सांगतो, कोणी तारखेप्रमाणे घेतो, कोणी अर्धी आधी आणि अर्धी पुराव्याच्या वेळी. अनुभव, प्रकरणाची गुंतागुंत, समोरचा लढणार की नाही, यावर आकडा बदलतो, आणि त्यात काही गैर नाही. दोन वर्षे चालणाऱ्या प्रकरणात वकील जे काम करतो, त्याचे दाम त्याला मिळायलाच हवे.

आक्षेप आहे तो एकाच आकड्यात सगळे कोंबण्याला. ‘सगळे मिळून’ म्हटले, की माफ असलेली कोर्ट फीही नकळत त्यात बसून जाते. पक्षकाराला दोन गोष्टी माहीत असाव्यात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाने पक्षकाराच्या पैशांचा हिशेब ठेवायचा असतो आणि मागितल्यावर त्याची प्रत द्यायची असते. त्याच नियमांनुसार निकालावर अवलंबून असलेली फी ठरवता येत नाही. ‘पोटगी मिळाली की त्यातले इतके टक्के’ हा व्यवहार नियमबाह्य आहे, दोघांची मर्जी असली तरीही.

खान्देशात वकिलांशी घरोब्याचे नाते असते. ते गावाकडचे असतात, ओळखीतून आलेले असतात. त्यांच्याकडे हिशेब मागणे अपमान केल्यासारखे वाटते. पण दुकानातून खताची गोणी घेतानाही माणूस पावती मागतोच.

मोफत वकील, पण मागायला कोणी जात नाही

१९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. त्याच्या कलम १२ नुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि आणखी काही घटकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाख रुपयांची उत्पन्न मर्यादा आहे. म्हणजे नोकरी गेलेला, खुल्या प्रवर्गातला पतीही या मर्यादेत बसत असेल, तर वकील मागू शकतो.

यात फक्त वकील मिळतो असे नाही. कोर्ट फी, समन्सचा भत्ता, टायपिंग, नकला हा खर्चही विधी सेवेत धरलेला आहे. नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून वेगळे पैसे घ्यायचे नसतात. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती. १५१०० ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

तरीही लोक तिकडे वळत नाहीत. ‘फुकटचा वकील मन लावून काम करत नाही’ हा समज त्यामागे आहे आणि तो पूर्ण खोटा म्हणता येणार नाही. या वकिलांना मिळणारे मानधन कमी असते, काम जास्त असते. पण वकील तारखेला येत नसेल, तर प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करून दुसरा मागता येतो. खासगी वकिलाला दिलेली आगाऊ रक्कम परत मिळवण्यापेक्षा हे सोपे असते.

खर्च समोरच्याकडूनही मागता येतो

हिंदू विवाह कायद्याचे कलम २४ या सगळ्यात सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी सांगितले जाणारे आहे. ज्या जोडीदाराकडे पुरेसे स्वतंत्र उत्पन्न नाही, तो प्रकरण चालू असतानाच दुसऱ्याकडून दरमहा खर्च आणि दाव्याचा खर्च मागू शकतो. वकिलांची फी, तारखेला येण्या-जाण्याचा खर्च अर्जात लिहिता येतो. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत हा अर्ज निकाली काढावा, असे कायदाच म्हणतो. पती-पत्नी दोघांनाही ही तरतूद खुली आहे.

नवऱ्याने ‘नांदायला पाठवा’ म्हणून कलम ९ खाली दावा लावला असेल आणि पत्नी नुसती उत्तर देत असेल, तरीही ती कलम २४ चा अर्ज करू शकते. आपण दावा लावलेलाच नाही, मग खर्च कसा मागायचा, या समजातून अनेक जणी गप्प बसतात.

उत्पन्न लपवण्याचा खेळ जुना आहे. शेती वडिलांच्या नावावर, दुकान भावाच्या नावावर आणि नवरा कागदोपत्री बेरोजगार! यावर सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात बंधन घातले. हे प्रकरण नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेले. तिथे २०१३ पासूनची पोटगी मंजूर झालेली असताना वाद दिल्लीपर्यंत पोहोचला होता. न्यायालयाने दोन्ही बाजूंना मालमत्ता, उत्पन्न आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे सांगितले. त्यामुळे अर्ज जितका लवकर, तितकी थकबाकी तिच्या बाजूने जमा होते. घटस्फोटाचा अर्ज करण्याची मनाची तयारी झाली नसेल, तरी पोटगीचा अर्ज वेगळा करता येतो. पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे. शहरात कुटुंब न्यायालय असेल तर तिथे, नाहीतर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तो जातो. राहत्या तालुक्यातच काम होते.

तारखेचे गणित

आता त्या खर्चाकडे वळू, जो कोणत्याच पावतीवर येत नाही. समजा, एक महिला पारोळा तालुक्यातल्या एका गावातून तारखेला येते. सोबत भाऊ असतो, कारण एकटीला पाठवत नाहीत. तिची दिवसाची मजुरी ३०० रुपये आणि भावाची ४०० धरली, एसटीचे एका बाजूचे पूर्ण भाडे १०० धरले, तर महिलांच्या निम्म्या तिकिटामुळे (१७ मार्च २०२३ पासून ही सवलत आहे) दोघांचे जाणे-येणे ३०० होते. चहा-नाश्ता, झेरॉक्सचे १०० धरा. एका तारखेला ११०० रुपये. महिन्याला एक तारीख आणि प्रकरण दोन वर्षे, असे धरले तर २६,४०० रुपये. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. ज्याचे त्याने आपले भाडे आणि मजुरी टाकून पाहावी. पण कोर्ट फी शून्य करूनही गरीब कुटुंबाच्या खिशातून काय जाते, ते यातून दिसते.

त्यातल्या निम्म्या तारखांना काहीच होत नसेल, तर? साहेब रजेवर, समोरचे वकील दुसऱ्या कोर्टात, समन्स परत आले नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत एका पक्षकाराला सुनावणीदरम्यान तीनपेक्षा जास्त वेळा मुदतवाढ देऊ नये, असे लिहिलेले आहे. विनाकारण वेळ काढणाऱ्याकडून समोरच्याचा खर्च वसूल करण्याची तरतूद कलम ३५ ब मध्ये आहे. हिंदू विवाह कायदा तर घटस्फोटाचा अर्ज सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न करावा, असे सांगतो. तरतुदी कागदावर सुंदर आहेत. ‘समोरच्यांनी पुन्हा मुदत मागितली, आमच्या येण्याचा खर्च द्या’ असा अर्ज पक्षकाराने वकिलाला सांगून द्यायला लावला, तरच त्या कामाला येतात.

निदान वाया जाणारी फेरी मोबाइलवर वाचवता येते. प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षरी-आकडी सीएनआर क्रमांक असतो. ई-कोर्ट्सच्या मोफत ॲपमध्ये तो टाकला, की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झाले आणि अपलोड झालेले आदेश दिसतात. दावा दाखल झाल्यावर वकिलांकडून पहिली गोष्ट मागायची ती हा क्रमांक.

सुरतचा फास

खान्देशातल्या घटस्फोटाच्या खर्चाला एक खास पदर आहे, तो सुरतचा. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारच्या बाजूने ताप्ती लाइनची गाडी पकडून उधन्याला उतरणारी हजारो कुटुंबे आहेत. लग्न गावात होते, संसार सुरतला थाटला जातो आणि मोडल्यावर ती माहेरी येते. नवरा तिकडे, शेवटचा एकत्र मुक्काम तिकडे, त्यामुळे तो सुरतच्या कोर्टात अर्ज करू शकतो. मग तिला दर तारखेला राज्य ओलांडावे लागते.

प्रकरण इकडे आणायचे तर? एकाच जिल्ह्यातल्या दोन कोर्टांत बदल हवा असेल, तर जिल्हा न्यायाधीशांकडे काम होते. जळगावचे प्रकरण धुळ्याला हवे असेल, अंतर जेमतेम ९० किलोमीटर, तरी उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जावे लागते. आणि सुरतहून जळगावला आणायचे, तर थेट सर्वोच्च न्यायालयात. राज्याबाहेरून प्रकरण वर्ग करण्याचा अधिकार त्यांचाच. पत्नीची अडचण पाहून असे अर्ज पुष्कळदा मंजूर होतात, पण दिल्लीचा वकील म्हटल्यावर पारोळ्याच्या बापाचा धीर सुटतो. सर्वोच्च न्यायालयाचीही स्वतंत्र विधी सेवा समिती आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

यावर उपाय २००३ मध्येच कायद्यात आला. कलम १९ मध्ये दुरुस्ती होऊन पत्नीला ती सध्या राहते तिथल्या कोर्टात अर्ज करण्याची मुभा मिळाली. म्हणजे माहेरच्या पत्त्यावरून. ज्यांना खरोखर वेगळे व्हायचे आहे, त्यांनी ‘आधी तो काय करतो पाहू’ म्हणत वर्ष घालवले, की ही सोय हातातून निसटते. इथे थांबण्याची किंमत रुपयांत मोजता येते.

दोघे राजी असतील तर

परस्पर संमतीचा मार्ग सर्वांत स्वस्त. वर्षभर वेगळे राहिल्यानंतर कलम १३ ब खाली एकत्र अर्ज करायचा, सहा महिन्यांनी पुन्हा हजर होऊन संमती सांगायची. सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०१७ रोजी अमरदीप सिंग प्रकरणात हा सहा महिन्यांचा काळ योग्य परिस्थितीत माफ करता येतो, असे ठरवले. दोघे दीड वर्षाहून अधिक काळ वेगळे असतील, पोटगी-मुलांचा प्रश्न मिटला असेल आणि समेटाची आशा उरली नसेल, तर तसा अर्ज द्यावा. फक्त ‘स्वस्तात सुटते’ म्हणून पोटगीचा हक्क कायमचा सोडून देणारी सही करू नये. वाचलेले वीस-तीस हजार पुढच्या वीस वर्षांच्या खर्चापुढे काहीच नसतात.

सोडचिठ्ठी : सर्वांत महाग स्वस्ताई

कोर्टाच्या खर्चाची धास्ती माणसांना जिथे नेते, ती जागा म्हणजे स्टॅम्प पेपरवरची फारकत. ५०० चा कागद, चार पंच, दोन्हीकडच्या सह्या, जमल्यास नोटरीचा शिक्का. केंद्रीय विधी मंत्रालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नोटरींना स्पष्ट कळवले, की विवाहाचे किंवा घटस्फोटाचे दस्त करणे हे त्यांचे काम नाही. असा कागद घटस्फोट ठरत नाही.

हिंदू विवाह कायद्याचे कलम २९ रूढीने होणारा घटस्फोट मान्य करते, पण ती रूढी जुनी, सलग आणि त्या समाजात खरोखर चालत आलेली आहे, हे कोर्टात सिद्ध करावे लागते. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्रीच्या आदिवासी पट्ट्यात गोष्ट वेगळी. अनुसूचित जमातींना हा कायदा मुळातच लागू नाही, तिथे त्यांची रूढी चालते. बाकीच्यांनी पंचांच्या कागदावर भरवसा ठेवला, तर दुसरे लग्न बेकायदा ठरते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दुसऱ्या लग्नातल्या बाईला पत्नीचा दर्जा मिळत नाही. पहिलीचे नाव पेन्शनच्या, वारसाच्या कागदात तसेच राहते आणि दहा-पंधरा वर्षांनी नवरा वारला, की दोघी एकाच तहसील कार्यालयात समोरासमोर येतात. तेव्हा वारसाचा जो दावा लागतो, त्याचा खर्च घटस्फोटाच्या अर्जापेक्षा कितीतरी जास्त असतो. आणि पंचांपैकी कोणी तो देत नाही. बहिष्काराची भीती घालून असा कागद करवून घेतला, तर २०१७ पासून लागू असलेल्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा आहे.

एवढे तरी व्हावे

सरकारने फी माफ केली, मोफत वकील दिला, खर्च मागण्याची वाट ठेवली. पण ही माहिती ज्या खिडकीवर लागते, त्या खिडकीवर ती मोठ्या अक्षरांत दिसायला हवी : ‘घटस्फोट व पोटगीच्या प्रकरणात महिलांना कोर्ट फी माफ. कोर्टातल्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. मोफत वकील अमुक खोलीत.’ जळगाव जिल्ह्यातले १५ आणि धुळ्यातले ४ तालुके धरले, तर फार तर काही डझन फलक. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आणि एसटी स्टँडवरही ते लावता येतील. ३० वर्षांपूर्वीची सवलत सांगायला अजून अधिसूचना काढण्याची गरज नाही.

तोवर, विधी सेवा कार्यालयात जाताना लग्नपत्रिका, लग्नाचा फोटो किंवा नोंदणीचा दाखला, आधार कार्ड, मुलांचे जन्मदाखले आणि नवऱ्याचा सध्याचा पत्ता सोबत असावा. आधी आलेली नोटीस असेल तर तीही, पाकिटासकट. अर्ज साध्या कागदावर चालतो. लिहिता येत नसेल, तर तोंडी सांगितलेली हकिगत कार्यालयातले कर्मचारी लिहून घेतात आणि त्यावर अंगठाही चालतो.